विश्लेषण : विदर्भाच्या मालविकेला नृत्यमंचावर आणणाऱ्या मॅडम मेनका कोण होत्या?

गाजलेल्या नाटकाचे किंवा ऑपेराचे रूपांतर एखाद्या मोठ्या नर्तिकेसाठी नृत्यनाट्यात, म्हणजे बॅलेमध्ये करायचे, ही कल्पना आपल्याला परदेशी वाटते. पण १९३९ मध्ये मुंबईतील एका नर्तिकेने कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' नृत्यनाट्याच्या रूपात रंगमंचावर आणले होते. या नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. नर्तिकेचे नाव लीला सोखे. जगाने तिला मॅडम मेनका म्हणून ओळखले. घरंदाज स्त्रीने नाचणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानण्याच्या काळात त्या उभ्या राहिल्या. एकट्याने सादर करायचे कथक त्यांनी समूहाच्या हाती दिले आणि वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. त्यांचे आयुष्य, त्यांचे काम आणि त्यातून राहिलेले प्रश्न यांचा हा आढावा.

यवतमाळशी या कथेचा संबंध काय?

'मालविकाग्निमित्र'च्या पाचव्या अंकात विदर्भाच्या राज्याची वाटणी होते. शुंगवंशीय अग्निमित्र विदर्भाचे दोन भाग करतो आणि यज्ञसेन व माधवसेन या दोन चुलत भावांना एकेक भाग देतो. दोन्ही राज्यांमधली सीमा म्हणून वरदा नदी ठरवली जाते. वरदा म्हणजे आपली वर्धा. राळेगावपासून वणीपर्यंत यवतमाळ जिल्ह्याची सीमा आजही हीच नदी आखते. नाटकातला काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला आहे. त्या हिशेबाने वर्धा नदी सीमारेषा म्हणून साहित्यात नोंदली गेली त्याला पंधराशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

नायिका मालविका ही माधवसेनाची बहीण, म्हणजे विदर्भकन्या. विदर्भाच्या राजकन्या म्हटले की आपल्याला कौंडिण्यपूरची रुक्मिणी आठवते, नळाची दमयंती आठवते, अजाची इंदुमती आठवते. मालविकेचे नाव मात्र त्या मानाने कमी घेतले जाते. या चौघींमध्ये नर्तिका म्हणून रंगमंचावर येणारी ती एकटीच आहे.

नृत्यातून गोष्ट सांगणे या जिल्ह्याला नवे नाही. कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास दंडार होते. ढोलाच्या ठेक्यावर अख्खे गाव गोलात उतरते. नागर समाजाने मात्र नाच ही गोष्ट बराच काळ स्वतःच्या उंबरठ्याबाहेर ठेवली होती. मेनकांची गोष्ट त्या उंबरठ्यावरची आहे.

लीला रॉय 'मेनका' कशा झाल्या?

लीला रॉय यांचा जन्म १८९९ मध्ये तेव्हाच्या बंगालमधील बारिसाल येथे झाला. हे शहर आज बांगलादेशात आहे. घर बॅरिस्टरचे, शिकलेले आणि इंग्लंडशी संबंध असलेले. अशा घरातली मुलगी पाश्चात्य संगीत शिकली असती, पियानो किंवा व्हायोलिन वाजवली असती तर कोणाला वावगे वाटले नसते. पायात घुंगरू बांधणे ही गोष्ट वेगळी होती.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. पती डॉ. साहिबसिंग सोखे हे लष्करी वैद्यकीय सेवेतले अधिकारी आणि नावाजलेले शास्त्रज्ञ. परळच्या हाफकिन संस्थेत ते १९२५ मध्ये रुजू झाले आणि १९३२ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक बनले. प्लेगची लस, औषधांची देशी निर्मिती या कामांत त्यांचे नाव घेतले जाते. स्वातंत्र्यानंतर ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यही होते. पत्नीने नृत्य शिकण्याला, पुढे मंडळी घेऊन देशोदेशी फिरण्याला त्यांनी आडकाठी केली नाही. त्या काळात ही साथ फार मोठी होती.

याच सुमारास रशियन बॅले नर्तिका अॅना पाव्हलोव्हा जगभर फिरत होती. १९२० च्या दशकात ती दोनदा भारतात आली. भारताचे जुने नृत्य बघायला मिळेल या आशेने आलेल्या पाव्हलोव्हाला शहरांमध्ये ते सहजी सापडले नाही. ज्या तरुण भारतीयांना तिने आपल्या मातीतले नृत्य शोधण्याचे प्रोत्साहन दिले, त्यांत उदय शंकर, रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि लीला सोखे ही तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात. उदय शंकर यांनी तर १९२३ मध्ये लंडनमध्ये पाव्हलोव्हाबरोबर राधा-कृष्णाचे नृत्य सादर केले होते.

लीला सोखे यांनी पंडित सीताराम प्रसाद आणि लखनौ परंपरेतील गुरूंकडे कथकचे शिक्षण घेतले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या मुंबईच्या रंगमंचावर आल्या. त्यांनी घेतलेले नाव होते मेनका. मेनका म्हणजे विश्वामित्राची तपश्चर्या मोडणारी अप्सरा, शकुंतलेची आई. नाचण्यासाठी ज्या स्त्रीकडे बोट दाखवले जाते, तिचेच नाव या बाईंनी उघडपणे स्वीकारले.

तेव्हा कथक शिकणे एवढे अवघड का होते?

अडचण नृत्याच्या तंत्रात नव्हती, समाजाच्या नजरेत होती. उत्तर भारतात कथक दोन ठिकाणी जिवंत होते. एक, कथक म्हणवणाऱ्या गुरूंची घराणी. तिथे विद्या वडिलांकडून मुलाकडे जाई. दुसरे, तवायफांचे कोठे. तिथल्या स्त्रिया गाणे, नाचणे आणि अभिनय या तिन्हींत तरबेज असत. राजे-नवाबांचा आश्रय संपत गेला. १९व्या शतकाच्या अखेरीपासून नाचाच्या मैफिलींवर बहिष्कार घालण्याच्या चळवळी सुरू झाल्या. इंग्रज मिशनरी आणि भारतीय सुधारक या मुद्द्यावर एका बाजूला होते. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. शोषण थांबवणे हा त्याचा हेतू होता. मात्र या सगळ्या वातावरणात नाचणारी स्त्री आणि बदनाम स्त्री हे समीकरण आणखी घट्ट झाले.

मराठी रंगभूमीवरही चित्र फार वेगळे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणून कालिदासाला मराठी गाणे दिले. पण शकुंतला पुरुषच साकारत. पुढे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावले. नाट्यमन्वंतर संस्थेने १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' सादर केले तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हीच त्या वेळी मोठी बातमी होती. नेमक्या याच वर्षांमध्ये मेनका आपली नृत्यमंडळी उभी करत होत्या. त्यांना एकट्याने नाचून चालणार नव्हते. इतर घरांतल्या मुलीही हव्या होत्या, आणि त्यासाठी आईवडिलांचा विश्वास हवा होता.

एकट्याचे नृत्य समूहाचे कसे झाले?

पारंपरिक कथक हे एकट्याचे नृत्य. नर्तक तबल्याच्या साथीने, लेहऱ्याच्या आवर्तनात तोडे, तुकडे, तत्कार सादर करतो. त्यानंतर गतभाव येतो. त्यात एकच कलाकार कृष्ण होतो, एका गिरकीत राधा होतो आणि दुसऱ्या गिरकीत घागर फोडणारा खट्याळ पोरही होतो. बघणारा जवळ बसलेला असतो. नर्तकाच्या भुवईची हालचालही त्याला दिसते. ही मैफिलीची कला आहे.

नाट्यगृहात मात्र शेवटच्या रांगेतला प्रेक्षक शंभर फुटांवर असतो. त्याला भुवई दिसत नाही. त्याला दिसतात रंगमंचावरच्या जागा, रांगा, ये-जा, वेशभूषा आणि प्रकाश. मेनकांनी हा फरक ओळखला. एका कलाकाराने सगळ्या भूमिका करण्याऐवजी त्यांनी त्या वेगवेगळ्या नर्तकांमध्ये वाटल्या. प्रसंगांची मांडणी केली, सलग कथानक घेतले, वाद्यवृंदाची साथ घेतली. कथकच्या पायावर समूहाचे नृत्यनाट्य उभे करणाऱ्या पहिल्या कलाकारांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळेच.

'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य', 'मेनका लास्यम्' आणि 'मालविकाग्निमित्रम्' ही त्यांची प्रमुख नृत्यनाट्ये. सुरुवातीच्या दोन्हींचे विषय पुराणातले, घराघरांत ठाऊक असलेले. याचा फायदा असा की कथा समजावून सांगावी लागत नाही. कृष्ण आला की प्रेक्षक पुढचे ओळखतो. पुढे पुराणाकडून नाटकाकडे जाताना ही सोय राहणार नव्हती.

युरोपच्या दौऱ्यात काय घडले?

१९३६ ते १९३८ या काळात मेनकांची मंडळी युरोपभर फिरली. जर्मनी, नेदरलँड्स आणि इतर देशांत मिळून शेकडो प्रयोग झाले. मुख्य पुरुष नर्तक रामनारायण मिश्र होते. लखनौचे सरोदवादक उस्ताद सखावत हुसेन खाँ साथीला होते. दमयंती, शेवंती, विमला अशी नावे असलेल्या मुली मंडळीत होत्या. त्यांतली दमयंती जोशी तेव्हा जेमतेम आठ-दहा वर्षांची होती. गाडीने एका गावातून दुसऱ्या गावात जायचे, संध्याकाळी प्रयोग करायचा, सामान बांधायचे आणि पुढे निघायचे, असा हा दौरा होता.

१९३६ च्या जुलैमध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय नृत्य स्पर्धा भरली. मेनकांच्या मंडळीला तिथे बक्षिसे मिळाली. भारतीयांच्या मनात त्या वर्षीचे बर्लिन म्हणजे ध्यानचंद यांच्या हॉकी संघाचे सुवर्णपदक. विदर्भाच्या मनात त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दाखवलेले देशी खेळही आहेत. या दोन्हींच्या आधी काही दिवस भारतीय घुंगरू तिथे वाजले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

या यशाला एक काळी किनारही आहे. हा महोत्सव नाझी राजवटीचा होता. जगापुढे सभ्य, कलाप्रेमी चेहरा उभा करण्यासाठी त्या सरकारने तो वापरला. अमेरिकेच्या विख्यात नर्तिका मार्था ग्रॅहम यांनी आमंत्रण नाकारले, कारण त्यांच्या ज्यू सहकाऱ्यांचे जर्मनीत काय होत आहे हे त्यांना दिसत होते. मेनका मात्र गेल्या. पारतंत्र्यातल्या देशाच्या कलाकाराला जगाच्या व्यासपीठावर स्वतंत्र ओळख मिळण्याची ती संधी होती, हे खरे. ते व्यासपीठ कोणाचे होते, हेही तितकेच खरे. त्यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात.

कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र'च का?

युरोपातून परतल्यानंतर, १९३९ मध्ये, मेनकांनी 'मालविकाग्निमित्रम्' सादर केले. त्यांच्या मोठ्या नृत्यनाट्यांतले हे शेवटचे. कालिदासाचे सर्वांत प्रसिद्ध नाटक 'शाकुंतल'. मेनका हे नाव घेतलेल्या नर्तिकेने शकुंतलेकडे वळणे अधिक सोपे होते. पण नृत्याच्या दृष्टीने पाहिले तर 'मालविकाग्निमित्र'ला तोड नाही, कारण या नाटकाचे कथानकच नृत्यावर उभे आहे.

कथा थोडक्यात अशी. माधवसेन आपल्या बहिणीला, मालविकेला, अग्निमित्राकडे घेऊन निघालेला असतो. वाटेत यज्ञसेनाचे लोक त्याला पकडतात. मंत्री सुमती आपली बहीण कौशिकी आणि मालविका यांना घेऊन निसटतो. जंगलात लुटारूंचा हल्ला होतो, सुमती मारला जातो, दोघी एकमेकींपासून दुरावतात. मालविका फिरत फिरत अग्निमित्राच्या महालात पोहोचते, ती राजकन्या म्हणून नव्हे, तर राणी धारिणीची दासी म्हणून. राणी तिला गणदास या आचार्याकडे नृत्य शिकायला ठेवते. कौशिकीही परिव्राजिकेच्या वेशात त्याच महालात येते, पण मालविकेचे गुपित उघड करत नाही.

राजा मालविकेचे चित्र पाहतो आणि तिला पाहण्यासाठी आतुर होतो. राणी तिला त्याच्यापासून लपवून ठेवते. मग विदूषक गौतम एक डाव रचतो. गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद तो पेटवून देतो. निवाडा करायला कौशिकीला बसवतात. ती ठरवते की गुरूंची परीक्षा शिष्यांच्या नृत्यातून व्हावी. दुसऱ्या अंकात मालविका सर्वांसमोर नाचते. पुढे तिसऱ्या अंकात, पाय दुखावलेल्या राणीच्या जागी तीच अशोकाच्या झाडाला लत्ताप्रहार करते, म्हणजे झाड फुलावे. धाकटी राणी इरावती संतापते, मालविकेला तळघरात कोंडले जाते, विदूषक युक्तीने तिला सोडवतो. अखेर विदर्भातून आलेल्या दोन कलावती तिला ओळखतात, ती राजकन्या असल्याचे उघड होते आणि विवाह ठरतो.

या कथेत एक टोचणारी गोष्ट आहे. मालविका उत्तम नाचते हे सगळ्यांना दिसते. पण तिला मान मिळतो तो तिचे कूळ कळल्यावर. जोवर ती केवळ नाचणारी मुलगी आहे तोवर तिला कोंडून ठेवता येते. राजकन्या ठरताच तीच राणी तिचा हात राजाच्या हाती देते. कला तीच, पाय तेच, फक्त ओळख बदलते. १९३० च्या दशकातल्या भारतात नृत्याच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. तेच कथक कोठ्यावर बदनाम होते आणि बॅरिस्टरच्या मुलीने केले की राष्ट्रीय कला ठरत होते.

शब्दांचे नाटक शब्दांशिवाय कसे सांगायचे?

नाटकाचे नृत्य करताना सगळ्यात मोठी अडचण भूतकाळाची असते. रंगमंचावरचे पात्र दोन वाक्यांत सांगू शकते की वर्षभरापूर्वी जंगलात हल्ला झाला, भाऊ मारला गेला. शरीराला असे मागचे सांगता येत नाही. ते जे सांगते ते आत्ता, समोर घडत असते. म्हणून कौशिकीने पाचव्या अंकात सांगितलेली हकिगत नृत्यात आणायची तर ती प्रत्यक्ष दाखवावी लागते किंवा गाळावी लागते. यज्ञसेनाशी चाललेला पत्रव्यवहार, राज्याची वाटणी, पुष्यमित्राचा अश्वमेध या गोष्टी शब्दांवाचून सांगणे जवळपास अशक्य.

उलट काही प्रसंग जणू नृत्यासाठीच लिहिलेले आहेत. दोन गुरूंचा वाद संवादात रंगतोच, पण तो लयीच्या चढाओढीत अधिक रंगू शकतो. कथकमध्ये सवाल-जवाब ही तर हक्काची जागा. मालविकेची परीक्षा म्हणजे नृत्यातले नृत्य. तिथे नर्तिकेला पात्रही व्हायचे असते आणि स्वतःचे कौशल्यही दाखवायचे असते. अशोकवृक्षाचा प्रसंग तर पायाचाच आहे. नर्तिकेचा पाय लागला की झाड फुलते, याहून नृत्याचा मोठा गौरव कोणता?

हा प्रश्न केवळ भारतीय नाही. युरोपात त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण 'कार्मेन'. फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझे यांचा हा शोकान्त ऑपेरा ३ मार्च १८७५ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाला. त्याला थंड प्रतिसाद मिळाला आणि तीन महिन्यांनी, ३ जून रोजी, बिझे वारले. वय ३६. पुढे हाच ऑपेरा जगातल्या सर्वाधिक लोकप्रिय ऑपेरांमध्ये गणला गेला. सुमारे ९० वर्षांनी मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाच्या आघाडीच्या नर्तिका माया प्लिसेत्स्काया यांनी कार्मेन नाचायचा ध्यास घेतला. शोस्ताकोविच आणि खाचातुरियन यांनी संगीत करायला नकार दिला. शेवटी त्यांचे पती, संगीतकार रोदिओन श्चेद्रिन यांनी बिझेच्याच सुरावटी घेतल्या आणि त्या फक्त तंतुवाद्ये व तालवाद्ये यांच्यासाठी नव्याने बांधल्या. क्युबाचे आल्बेर्तो अलोन्सो यांनी नृत्यरचना केली. २० एप्रिल १९६७ रोजी पहिला प्रयोग झाला. सोव्हिएत सांस्कृतिक खात्याला तो अश्लील वाटला. प्लिसेत्स्काया मात्र मागे हटल्या नाहीत.

दोन्ही उदाहरणांत साम्य आहे. इच्छा नर्तिकेची होती. घरातल्या माणसाची साथ होती. समाजाला किंवा सरकारला नाचणाऱ्या स्त्रीच्या शरीराची भीती होती. फरक असा की, 'कार्मेन' शोकान्त आहे आणि 'मालविकाग्निमित्र' सुखान्त. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. प्लिसेत्स्काया यांच्या मागे सरकारी नाट्यगृह, पगारी वाद्यवृंद आणि शतकभराची बॅलेची परंपरा होती. मेनकांना मंडळी, शाळा, पैसा, प्रेक्षक सगळे स्वतः उभे करावे लागले. तेही 'कार्मेन'च्या २८ वर्षे आधी.

खंडाळ्याच्या 'नृत्यालयम्'मध्ये काय शिकवले जाई?

युरोपच्या दौऱ्यानंतर मेनकांनी खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर 'नृत्यालयम्' ही निवासी शाळा काढली. त्याच सुमारास उदय शंकर यांचे अल्मोड्याचे केंद्र सुरू झाले होते. मद्रासजवळ अड्यारला रुक्मिणीदेवींची कलाक्षेत्र ही संस्था १९३६ पासून चालू होती. शहरापासून थोडे दूर, गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतील अशी गुरुकुलासारखी रचना या तिन्हींमागे होती. खंडाळ्यात कथकबरोबर कथकली आणि मणिपुरीचेही धडे दिले जात. एका नृत्यनाट्यात राजा, विदूषक, राणी आणि दासी अशी वेगवेगळ्या स्वभावाची पात्रे असतील तर नर्तकाच्या अंगात एकाहून अधिक शैली हव्यात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण.

या शाळेने आणि मंडळीने मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींसाठी दार उघडले. पारशी समाजातून पुढे आलेल्या शिरीन वजिफदार तिथेच शिकल्या. दमयंती जोशींची गोष्ट तर वेगळीच आहे. स्वतःचे मूल गमावलेल्या मेनकांना ही मुलगी दत्तक हवी होती. दमयंतीच्या आईने लेक देऊन टाकायला नकार दिला, पण मुलीने दोन्ही घरची होऊन राहावे हे मान्य केले. दमयंती सोख्यांच्या घरात वाढली, तिथेच शिकली आणि मेनकांची खरी वारसदार ठरली. पुढे तिने एकल कथक नर्तिका म्हणून देशभर नाव मिळवले. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री तिच्या वाट्याला आली.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. युरोपचे दौरे ही मेनकांच्या मंडळीची मोठी ताकद होती. तो रस्ता बंद झाला. मोठी मंडळी सांभाळणे खर्चाचे काम. पुढे मेनकांची प्रकृतीही ढासळत गेली. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना घेरले. ३० मे १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्याला तेव्हा अडीच महिने उरले होते. सरकारी अकादम्या, पुरस्कार, शिष्यवृत्त्या, दूरदर्शन हे सगळे नंतर आले. ज्या कलेसाठी त्या झगडल्या, तिला राजमान्यता मिळालेली त्यांनी पाहिली नाही.

नृत्याचे दुर्दैव असे की ते मागे उरत नाही. कालिदासाची संहिता दीड हजार वर्षांनंतरही हातात आहे. बिझेची स्वरलिपी छापलेली आहे. मेनकांचे 'मालविकाग्निमित्रम्' मात्र छायाचित्रांत, कार्यक्रमपत्रिकांत आणि ज्यांनी ते नाचले त्यांच्या अंगात राहिले. ती माणसे गेली की तेही जाते. उदय शंकर यांनी १९४८ मध्ये 'कल्पना' हा चित्रपट काढला, म्हणून त्यांचे काम आज आपण पाहू शकतो. मेनकांना तेवढे आयुष्य मिळाले नाही.

त्यांचा वारसा नेमका कोणता?

आज यवतमाळ, वणी किंवा पुसदसारख्या ठिकाणी एखादी मुलगी कथकच्या वर्गाला जाते, परीक्षा देते, शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचते. आईवडील मोबाइलवर तिचे चित्रीकरण करतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. हे सहज झालेले नाही. नाचणाऱ्या मुलीकडे बघण्याची समाजाची नजर बदलण्यात मेनकांच्या पिढीचा वाटा मोठा आहे. समूहाने सादर होणारे कथक, नृत्यनाट्यातली पात्रांची वाटणी या आज नेहमीच्या झालेल्या गोष्टींची सुरुवात शोधायला गेले की त्यांचे नाव येतेच.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली, ती नृत्य जपणाऱ्या सगळ्यांना मिळाली नाही. ज्या तवायफांनी पडत्या काळात ठुमरी आणि भावाची परंपरा टिकवली, त्यांच्या मुली नव्या शाळांमध्ये क्वचितच दिसल्या. गुरू घराण्यातले पुरुष आचार्य झाले, वरच्या घरांतल्या मुली नर्तिका झाल्या. कोठ्यावरच्या स्त्रिया मात्र इतिहासाच्या पानांवरून पुसल्या गेल्या. हा दोष एकट्या मेनकांचा नाही, त्या साऱ्या काळाचा आहे. महाराष्ट्रात लावणी आणि तमाशाच्या कलावंतांच्या वाट्याला आलेले अनुभवही याच जातीचे आहेत.

मालविकेच्या कथेचा विचार इथे पुन्हा करावा लागतो. विदर्भाची ही मुलगी परक्या महालात नाचली, परीक्षेत उतरली, कोंडली गेली आणि कूळ कळल्यावर सुटली. कालिदासाच्या नाटकात तो शेवट गोड आहे. मेनकांनी हे नाटक निवडून नृत्याला मानाच्या जागी बसवले. मात्र जिचे कूळ कधीच उघड होणार नाही, जी खरोखरच दासी आहे आणि तरीही तितकीच उत्तम नाचते, तिला तिच्या कलेसाठी मान मिळतो का, हा प्रश्न शिल्लक राहतो. गावातल्या दंडारीपासून मोठ्या नाट्यगृहापर्यंत नाचणाऱ्या प्रत्येकासाठी तो आजही महत्त्वाचा आहे.